पाहिल्याशिवाय ‘हो’ नाही!

“चांदी गाडीत चढणार नाई!” समीक्षा दोन्ही हात पसरून टेम्पोसमोर उभी राहिली.

दिवाळीच्या सुट्टीत गिरड गावच्या गोठ्यात भलताच तमाशा सुरू होता. सकाळपासून चांदी गाय लाळ गाळत, थरथरत होती. मोठेबाबांनी, म्हणजे समीक्षाच्या थोरल्या काकांनी, किसनरावांनी, लांबूनच खुरकुत हा तोंडा-खुरांचा साथीचा रोग ठरवला आणि बाकीच्या गुरांना लागण नको म्हणून चांदीला गुरांच्या व्यापाऱ्याला, हेमराजला, विकून टाकलं!

“बाजूले हो! काऊन आडवी येऊन राह्यली?” मोठेबाबा ओरडले.

“रोगट गाय दुसऱ्याच्या गोठ्यात धाडता? आधी आमच्या कॉम्प्युटरले विचारू द्या!”

समीक्षा आणि तिचा चुलतभाऊ रजत यांनी गुरांच्या डॉक्टर सपनाताईंना भंडावून सोडून, त्यांच्या माहितीवरून रोग ओळखणारा प्रोग्राम बनवला होता. रजतने लॅपटॉप उघडला. “तोंडात फोड आहेत?”

“असतीनच! एवढी लाळ गळून राह्यली!” मोठेबाबा म्हणाले.

रजतने ‘हो’ दाबलं. उत्तर आलं: खुरकुत.

हेमराज खो खो हसला. “पाहा! मशीनबी तेच म्हणते!”

समीक्षाच्या अंगाचा तिळपापड झाला. “रजत, मागच्या प्रश्नावर जा! तोंड उघडून पाहिलं कोणी? पाहिल्याशिवाय ‘हो’ नाई!”

हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधून तिने चांदीचा जबडा उघडला. एकही फोड नाही! खूरही साफ. पुढचा प्रश्न डोळ्यांतल्या बाहुल्यांचा होता. अंधाऱ्या गोठ्यातही त्या बारीक झालेल्या! या वेळी पडद्यावर आलं: विषबाधेची शंका. डॉक्टरांना लगेच बोलवा. शेवटचं काय खाल्लं, कशातून?

“सरकीची ढेप,” मोठेबाबा पुटपुटले. “त्या निळ्या ड्रमात भिजवली होती.”

“तो तर कपाशीवरच्या फवारणीचा ड्रम!” रजत ओरडला.

“मी विसळला होता ना...” मोठेबाबा म्हणाले.

समीक्षाने तडक फोन लावला. सपनाताई जाम गावावरून धावत आल्या, चांदीला इंजेक्शनं दिली. “टेम्पोत घातली असती तर वाटेतच गेली असती! शाब्बास पोरांनो!”

हेमराजने रिकामाच टेम्पो वळवला. दुपार कलता कलता चांदीची थरथर थांबली. समीक्षा तिच्या गळ्यात पडून रडली.

“पोरी, तू आडवी आली म्हणून गाय वाचली,” मोठेबाबा म्हणाले. “आता मशीनीत माहा एक प्रश्न टाक. ड्रम फवारणीचा होता काय?”

“अन् कोणी बसल्या जागी ‘नाई’ म्हटलं तर?”

“त्याले सांग, उठ अन् ड्रम पाहून येजो!”