चौथी ओ

पुण्यात अकरा वर्षं मी मोबाइल गेम बनवले, म्हणजे धडधाकट माणसांना तासन्‌तास बोटं आपटत बसवलं. आता आठवड्यातून दोन दिवस वारूळवाडीच्या एका कॉलेजात हेच शिकवतो. यंदा मुलांना बजावलं, गेम इथलाच हवा.

डिंगोरे गावच्या श्रेयानं उसातल्या पायवाटेचा गेम केला. बिबट्याच्या भीतीनं तिकडची पोरं रांगेनं शाळेला जातात. पुढच्यानं मागच्या प्रत्येकाला नावानं हाक मारायची, त्यानं ओ द्यायची. ओ आली नाही तर सगळ्यांनी थांबायचं. गेमचा नियमही हाच. वर्गातल्या तिघांचे आवाज तिनं भरले होते. इतकं साधं मला कधी सुचलं नव्हतं.

खेळून पाहिलं, तर तीन हाकांना चार ओ आल्या. चौथी बारीक, लांबून आलेली.

"ही कुणाची गं?"

श्रेया पांढरीफटक पडली. "आरोहीची, सर. धाकटी माझी. दोन वर्सं झाली बिबट्यानं नेली तिला. त्या दिवशी मी पुढं व्हते. हाक मारायची राहिली."

मी असल्या गोष्टी मानत नाही. फाइल तपासली, आवाज तीनच होते. तिन्ही पुसले, स्पीकर बदलला. आता गेम मुका असायला हवा होता. तरी ती ओ आली, आणि आधीपेक्षा जवळून.

दुसऱ्या दिवशी श्रेयाबरोबर तिची आई भागूबाई आली. कॉम्प्युटरला तोंड लावून दुपारभर "आरू, ए आरू" करत राहिली. प्रत्येक हाकेला ओ येत होती. माझ्यानं ते बघवेना.

"बंद करतो, मावशी."

"नगा करू, सर. लई दिसांनी बोलतीय वो."

बटणावरचं बोट मी मागं घेतलं. ते मी घ्यायला नको होतं.

मग हाक न मारताच आवाज आला, अगदी कानाशी.

"श्रेयाताई!"

आता रांगेत पुढं आरोही होती.

"ओ देऊ नकोस!" मी ओरडलो. श्रेयानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. मी वायर उपटली. स्क्रीन काळी झाली.

"ओ."

श्रेयाचाच आवाज होता, बंद स्पीकरमधून आलेला. तिचे हात अजून तोंडावरच होते.

"श्रेया?" मी हाक मारली.

तिनं हात काढले. माझ्याकडे बघत ओठ हलवले.

ओ पुन्हा स्पीकरमधूनच आली, जरा लांबून.