परीक्षकाने थुंकलेली चेरी

नव्या वाणाची पारख करायला आलेल्या परीक्षकाने परडीतली चेरी तोंडात टाकली, चावली आणि लगेच पांढऱ्या रुमालात थुंकली. चोथ्यात अळी वळवळत होती. गुप्तहेराबरोबर आलेल्या त्याच्या मेहुण्याने तोंड फिरवलं.

फळं बागवालीची होती. नवऱ्यामागे तिने हे नवं वाण एकटीने वाढवलं होतं. आज ते नापास झालं, तर तिचा दीर झाडं तोडून तिथे गोदाम बांधणार, असं घरात ठरलेलं. फळं आपण स्वतः निवडून काल बागेजवळच्या शीतगृहात ठेवली, असं ती सांगत होती. तिची बोटं रसाने जांभळी पडली होती. साबणानेही डाग हटला नव्हता.

गुप्तहेराने रुमाल उजेडात धरला. चोथ्याभोवती पिवळट ओल होती. मग त्याने त्याच परडीतली एक चेरी फोडून चाखली. मेहुण्याने डोळे मिटले.

"पाणचट," गुप्तहेर म्हणाला.

शीतगृहाच्या रखवालदाराची नखं काळी होती, हाताला यंत्राच्या तेलाचा वास होता. सकाळी आत दोघेच गेले, असं त्याने सांगितलं: नर्सरीवाला आणि दीर. नर्सरीवाला आपल्याच पिवळ्या चेरीचं कौतुक करत सुटला. दीर तोंडावर हात धरून हळहळला. चेरी आपल्याला बघवतही नाही, या हंगामात एकही खाल्ली नाही, म्हणाला. बोलता बोलता हात बाजूला झाला, तेव्हा त्याची जीभ जांभळी दिसली. औषध घेतलं असेल, असं मेहुण्याला वाटलं.

थोड्याच वेळात गुप्तहेराने सगळ्यांना परडीभोवती बोलावलं.

"बाईंच्या चेरीचा रस साबणाने जात नाही. रुमालावर मात्र पिवळट डाग. म्हणजे साल गडद, पण गर फिका. हे वाणच दुसरं. कुणीतरी फळं बदलली."

"मग खरी फळं कुठे गेली?" मेहुण्याने विचारलं.

"रखवालदाराच्या हाताला तेल लागलंय, रस नाही. नर्सरीवाला एवढा वेळ बोलला, त्याचं तोंड स्वच्छ आहे. आणि हंगामात एकही चेरी न खाल्लेल्या या गृहस्थांची जीभ बघा. फळं फेकली तर सापडतील, म्हणून यांनी पुरावा पोटात घातला."

दिराने जीभ आत घेतली. मग ओठ चाटत म्हणाला, "फार गोड होत्या, वहिनी."

मेहुण्याला अळीची आली नव्हती एवढी किळस त्या शब्दांची आली.

"चूळ भरा, भावजी," बागवाली म्हणाली आणि परीक्षकाला घेऊन बागेत गेली.

झाडाखाली परीक्षकाने एक चेरी खाल्ली आणि न विचारता दुसरीला हात घातला. झाडं वाचली. मेहुण्यालाही तिने ओंजळभर फळं दिली. त्याच्याने मात्र एकही खाववेना.