उत्तर भिंत की पश्चिम धार

बेंगळुरात इंदिरानगरातल्या गिर्यारोहण मंडळाच्या खोलीत यंदाच्या मोहिमेच्या शिखराचा नकाशा एकच होता आणि तो दोघांनी दोन बाजूंनी ओढला.

"फाटेल हो," संहिता म्हणाली.

"मग तुम्ही सोडा ना," पलीकडचा तरुण म्हणाला.

कोणीच सोडला नाही. मग एका टेबलावर, एकाच नकाशावर दोन डोकी वाकली.

तो रघुनंदन, पुण्याहून संगणक कंपनीत येऊन सहा महिने झालेला. संहितेचं घराणं साडेतीनशे वर्षं बेंगळुरातलं. तेवढ्या काळात घरातल्या कोणी फ्रिजबाहेर बर्फ पाहिला नव्हता. ती मात्र मनालीला जाऊन बर्फावरची चढाई शिकून आली होती. आता सत्त्याण्णवच्या जानेवारीत मंडळ हिमाचलात निघालं होतं. एका दोराला दोघं हा नियम, आणि शनिवारपर्यंत जोडी न जमलेल्याचं नाव कटाप.

संहितेला पश्चिम धार हवी होती. उतार बेताचा, वाऱ्याने ताजा बर्फ झडून जातो, वेळेत परतता येतं. पण बाकी सगळ्यांना उभी, वेळखाऊ उत्तर भिंतच हवी होती. त्यांतल्या चौघांचा थंडीशी संबंध नंदी हिल्सवर घातलेल्या स्वेटरपुरता होता.

"तुम्हीपण भिंतच?"

"अर्थात," रघुनंदन जरा घाईनेच म्हणाला.

मंडळाच्या फॉर्मवर एक रकाना होता: 'आजवर कुठून परत फिरलात?' बाकीचे तिथे ऐटीत रेघ मारायचे. रघुनंदनच्या फॉर्मवर मात्र रेघ नव्हती. संहितेने वाचलं: 'शिखराच्या दीडशे फूट खालून. नंतर शंभर.'

"दोनदा?"

तो कानापर्यंत लाल झाला. "प्रगती आहे ना…"

ती इतकी हसली, की शेवटी भरपाई म्हणून तिलाच त्याला कोपऱ्यावरच्या हॉटेलात न्यावं लागलं. तिने 'बाय-टू' मागवली. एका कॉफीचे दोन पेले पाहून पुणेकर हरखला.

"मग भिंत कशाला?" तिने विचारलं.

"सगळे विचारतात, शिखर झालं का. भिंत म्हटलं की आधीच वचकतात, पुढचं विचारत नाहीत."

"आणि उतरणार कधी? साडेपाचला अंधार पडतो तिथे."

त्याने पेला खाली ठेवला. "एवढा विचार… केला नव्हता."

"मग स्वल्प करा, थोडासा. शनिवारपर्यंत वेळ आहे."

शनिवारी संहिता फॉर्म घेऊन बसली. जोडीदाराची जागा कोरी. मुदतीचे सात वाजत आले, चिटणीस विश्वेश्वरअण्णांनी पेनाचं टोपण लावलं, आणि रघुनंदन पुढे आला. सगळ्यांदेखत त्याने तिच्या फॉर्मवर आपलं नाव लिहिलं आणि आपल्या फॉर्मवर: पश्चिम धार.

"धार?" भिंतवाल्यांतला सयाजी ओरडला. "तिथे आमची शेजारची सत्तरीची प्रेमाअक्कासुद्धा जाईल रे!"

"जाईल. आणि परतही येईल," रघुनंदन म्हणाला.

जिन्यात तो थांबला. "एक विचारू? पन्नास फूट उरलेत… आणि मी म्हणालो, परत फिरू… तर?"

"तर खाली येऊन एसटीडी बूथवरून घरी फोन करीन. वडिलांना सांगेन, माझ्यासाठी मुलं बघणं बंद करा."

रघुनंदनने कठडा घट्ट धरला.

"आणि… शिखर झालं तर?"

"तरी फोन खाली येऊनच करावा लागेल ना," ती म्हणाली. "वर कुठे बूथ असतो?"