आनंदने पाठवलेले पैसे

"माझा आनंद म्हयन्याच्या म्हयन्याला पैसं धाडतो, बाई! आमी काय उघड्यावर पडलोय व्हय?"

द्वारकाबाईंनी हे इतक्या अभिमानाने सांगितले, की सरकारी मदतीच्या अर्जाची चौकशी करायला घरी आलेल्या नम्रता मॅडमचा पेन जागच्या जागी थांबला, आणि चहाचे कप घेऊन आलेली सून हिरा दारातच थबकली... सासू दवाखान्यात जाईल ती वेळ पाहून हिराने मॅडमना बोलावले होते, आणि मॅडम नेमक्या लवकर आल्या! सरकारी कामात कधी नव्हे ती घाई व्हायची, तीही हिच्याच नशिबी!

"पैसे पाठवतात?" मॅडमनी हिराकडे पाहिले. "अहो, तुमच्या अर्जात तर आहे, नवरा सोडून गेलाय, काहीच देत नाही. एकट्या आईच्या मुलांची आबाळ होऊ नये म्हणून ही मदत असते. आता मी खरं कुठलं धरू?"

हिराने सासूकडे पाहिले आणि चहाचे कप खाली ठेवले.

"जे सांगाल तेच मी लिहिणार. विचार करा आणि शुक्रवारी ऑफिसला या," एवढे बोलून मॅडम उठल्या. चहा तसाच राहिला.

त्या मदतीत काही माडी बांधून होणार नव्हती. पण नववीतल्या निकिताचे शाळेतले नाव टिकले असते, धाकट्या ओवीला रोज कपभर दूध मिळाले असते, आणि अंगात ताप असताना हिराला कामावर जावे लागले नसते. एवढेच तर ती माउली मागत होती!

आणि त्यावर पाणी पडले ते तिच्याच दयाळूपणामुळे! आनंद खराडीत एका कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर होता. एके दिवशी घरातून गेला तो गेलाच. त्याने दुसरा संसार थाटल्याचे हिराला त्याच्या मित्राकडून कळले; पण इकडे द्वारकाबाईंनी लेकाच्या वाटेकडे डोळे लावून अन्नच सोडले होते. म्हातारी हातची जाईल, या भयाने हिराने मार्केट यार्डातल्या गाळ्यावर कांदा निवडून मिळवलेल्या नोटा सासूच्या हातावर ठेवल्या आणि म्हणाली, "ह्यांनी पाठवलेत. परगावी नोकरी लागलीय." त्या दिवशी म्हातारी भाकरी जेवली... मग ते खोटे थांबवता येईना. दर महिन्याला आनंदचे पैसे येत राहिले, आणि "लेक माझा तिकडं राबतोय, म्हणून ह्या घरात चूल पेटती," असे सासू गल्लीभर सांगत राहिली. आयत्या बिळावरचा नागोबा ऐकला होता. हा नागोबा तर बिळात नसतानाही पूजला जात होता!

हिराने ते सारे मुकाट सोसले. रागवायलाही अंगात त्राण लागते, ते तिच्यात उरलेच नव्हते.

खरे लिहून दिले तर चौकशी पुन्हा सासूपर्यंत येणार, म्हणून तिने मदतीचा नादच सोडला. त्या संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता, मान वर न करताच ती म्हणाली, "निकिता, सोमवारपासून माझ्यासंगं गाळ्यावर चल. ओवी तरी शिकंल."

"मी शाळा सोडणार नाही!" निकिता उसळून उभी राहिली. "आजीला तू खरं का सांगत नाहीस, आई? पप्पांनी कधी एक रुपया तरी पाठवलाय का? सगळे पैसे तुझेच..."

हिराचा पिठाचा हात पोरीच्या गालावर बसला. आयुष्यात पहिल्यांदा! "आजीसमोर बापाला असं बोलायचं न्हाई!"

ओवी घाबरून थोरलीला बिलगली. द्वारकाबाई भिंतीला धरून सावकाश पुढे आल्या आणि सुनेपुढे बसल्या.

"हिरे, माझ्या डोक्यावर हात ठिव आन् सांग. ते पैसं आनंदनं धाडलेलं हायेत."

हिराने हात उचलला... पण म्हातारीच्या पांढऱ्या केसांपर्यंत तो पोहोचेना. तसाच अधांतरी राहिला. त्या म्हातारीसाठी ती इतके खोटे बोलली होती. पण तिच्या डोक्यावर हात ठेवून बोलणे तिला जमले नाही!

"ऱ्हाऊ दे," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून हुंदके देऊ लागल्या. "ठाव हुतं गं मला... त्या नोटांना कांद्याचा वास यायचा. लेक इतका वाईट निघाला म्हणायला जीभ उचलंना माझी. म्हणून तुझ्याच पैशावर जगले, आन् तुलाच टोचत ऱ्हायले!"

शुक्रवारी धुतलेले लुगडे नेसून, हिराचा हात धरून त्या ऑफिसचे जिने चढल्या. प्रत्येक पायरीला दम लागत होता.

"लिवा, बाई. हिला आन् हिच्या दोन्ही पोरींना माझ्या लेकानं टाकलंय. त्यानं एक पैसा धाडला न्हाई. आई सांगती हाय त्याची. लिवा."

स्वतःच्या तोंडाने पोटच्या गोळ्यावर पाणी सोडताना त्यांचा आवाज एकदाही कापला नाही. कोसळली ती हिरा. "नका हो, आत्याबाई... नका!"

"गप. तू बोलायची न्हाईस, म्हणून तर मी आले."

मॅडमनी लिहून घेतले. निकिताची शाळा थांबवू नका, अर्ज मी पुढे पाठवते, असेही सांगितले. मग जरा अडखळत विचारले, "आजी, रागवू नका, पण विचारावं लागतं. उद्या तुमचा मुलगा परत आला तर?"

द्वारकाबाईंची नजर क्षणभर दाराकडे गेली. आईचेच काळीज ते! मग त्यांनी सुनेचा भेगाळलेला हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"आला तर हिला विचारा, बाई. घर हिचं हाय. मी बी हिच्याच घरात ऱ्हाते."