चांद्रफोनची खाच

मृण्मयीला पौर्णिमा आवडत नसे. चिखलदऱ्याच्या पठारावर पौर्णिमेला लोक मुद्दाम चंद्र बघायला येत, दरीवर चांदणं पसरलं की गप्प होऊन जात, आणि ही सहावीतली मुलगी मात्र खिडकीचा पडदा ओढून घेई. तिच्या मैत्रिणींना हे एक कोडंच वाटायचं.

कोड्याचं उत्तर चंद्राच्या पलीकडे होतं. मृण्मयीची आई, डॉ. गार्गी राऊत, भूवैज्ञानिक (खडक आणि माती यांचा अभ्यास करणारी) होती. मातीच्या ओढीनंच तिनं मुलीचं नाव मृण्मयी ठेवलं होतं. गेल्या वर्षापासून ती चंद्राच्या मागच्या बाजूवरच्या तळावर काम करत होती. चंद्राची एकच बाजू आपल्याला दिसते. दुसरी कधीच दिसत नाही. समोरच्या बाजूवर पूर्ण ऊन पडतं तेव्हा आपल्याकडे पौर्णिमा असते, आणि त्याच वेळी मागच्या बाजूला मध्यरात्र असते. शिवाय ती रात्र आपल्या रात्रीसारखी छोटी नसते. शुद्ध अष्टमीच्या सुमारास आईच्या तळावरचा सूर्य मावळे, तो थेट वद्य अष्टमीला उगवे. मधले दोन आठवडे सौरपट्ट्या बंद. साठवलेली वीज फक्त हवा आणि ऊब यांसाठी वापरायची. घरच्यांशी बोलायला त्या काळात परवानगी नसे.

म्हणून चंद्र वाढू लागला की मृण्मयीचा जीव खाली-वर होई. सगळ्यांचा चंद्र पुरा होत असताना तिची आई अंधारात बुडत असे.

ती आजोबांजवळ राहायची. पराग राऊत हे तिच्या आईचे वडील. पूर्वी विजेच्या उपकरणांवर संशोधन करायचे. बाबा नागपूरच्या रुग्णालयात डॉक्टर होते आणि सुट्टीच्या दिवशी घाट चढून येत. आईशी बोलायला अंतराळ संस्थेनं घरी एक चांद्रफोन दिला होता. आईचा आवाज चंद्राभोवती फिरणाऱ्या उपग्रहामार्गे फक्त त्याच फोनवर यायचा, कारण ओळख पटवणारी चिप त्याच्याच आत बसवलेली होती.

त्या महिन्यात शुद्ध सप्तमीला दुपारी डोंगरावर विजा कडाडल्या. घरातले दिवे भपकन मोठे झाले आणि विझले. पुन्हा लागले तेव्हा सगळं ठीक होतं, फक्त चांद्रफोनच्या चार्जरमधून जळका वास येत होता. फोन आधीच उतरत आलेला. संध्याकाळपर्यंत पडदा काळा झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा रात्रीआधीचा शेवटचा कॉल येणार होता. त्या कॉलवर आई सांगणार होती, की ती या खेपेच्या यानानं परत येते आहे, की अजून एक वर्ष राहते आहे.

मृण्मयीनं घरातले सगळे चार्जर गोळा केले. आजोबांच्या फोनचा, टॅबचा, विजेरीचा, अगदी दाढीच्या यंत्राचासुद्धा. ते सगळे एकमेकांच्या उपकरणांना चालत होते, पण चांद्रफोनच्या खाचेत एकही शिरेना. ती खाच रुंद आणि एका बाजूनं तिरकी होती. तारेशिवाय चार्ज करायची चकती होती, पण फोनच्या जाड धातूच्या कवचातून तिचं काही चालेना. चांद्रफोन बनवणाऱ्या कंपनीच्या माणसानं फोनवर नम्रपणे सांगितलं की नवा चार्जर आठवडाभरात पोचेल. आजोबा दोनदा "बरं" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

रात्री ती जेवली नाही. आजोबांनी आग्रह केला नाही. सकाळी ते म्हणाले, "चल, इंगोलेबाईंकडे जाऊ."

शलाका इंगोले शेजारच्या बंगलीत राहायच्या. त्यांनी उभी हयात फोन बनवण्यात घालवली होती. अनेक वर्षांपूर्वी, सगळ्या फोनना एकच चार्जिंग पोर्ट (तार जोडायची खाच) सक्तीचं करावं की नाही, हे ठरवायला एक समिती बसली होती. त्या समितीत आजोबा सक्तीच्या बाजूनं होते आणि शलाकाआजी विरुद्ध. नियम झाला, दोघं निवृत्त झाले, शेजारी राहायला आले, आणि वाद मात्र अजून संपला नव्हता.

शलाकाआजींनी फोन हातात घेऊन उलटासुलटा केला, जळका चार्जर हुंगला आणि तारेवरून बोट फिरवलं. तार धड होती. त्यांनी ती चार्जरजवळ कापली आणि टोक सोलून मृण्मयीसमोर धरलं. आत दोन जाड तारा होत्या आणि एक केसासारखी बारीक.

"जाड तारांतून वीज जाते," त्या म्हणाल्या. "एकीतून आत, दुसरीतून परत. वीज किती जोरानं ढकलली जाते ते व्होल्टेज, म्हणजे विजेचा दाब. गच्चीवरची टाकी जितकी उंच, तितकं नळाला पाणी जोरात. तसंच."

मृण्मयीनं विचारलं, की मग साध्या चार्जरच्या तारा या जाड तारांना जोडल्या तर काम होणार नाही का. आजोबा म्हणाले, करून बघू. दोन्हींचा दाब सारखा आहे हे त्यांनी आधी मीटरवर तपासलं आणि मगच तारा जोडल्या. तिघंही फोनकडे बघत राहिले. पडदा काळाच होता.

मृण्मयीचे डोळे भरून आले. तिनं तोंड खिडकीकडे वळवलं. बाहेर स्वच्छ ऊन होतं आणि चंद्र उगवायला अजून अवकाश होता.

"रडायचं असेल तर रड," शलाकाआजी म्हणाल्या, "पण हे ऐकत रड. फोन बिघडलेला नाही, तो नको म्हणतोय. आतली बॅटरी नाजूक असते. चुकीच्या दाबाची वीज शिरली तर ती तापते, फुगते, पेटही घेते. म्हणून फोन आधी बारीक तारेतून विचारतो, तू कोण? ओळखीचं उत्तर आलं तरच दार उघडतो."

"म्हणजे खाचेचा आकार एक झाला तरी पुरत नाही?" मृण्मयीनं नाक पुसत विचारलं.

आजोबांचा चेहरा उजळला. समितीत आपण हेच सांगत होतो, असं ते म्हणाले. पोर्ट एक करायचं म्हणजे दोन गोष्टी एक करायच्या. एक म्हणजे आकार, आणि दुसरी म्हणजे फोन आणि चार्जर ज्या भाषेत बोलतात ती भाषा. स्वयंपाकाच्या गॅसचं उदाहरण त्यांनी दिलं. शेजाऱ्याचं सिलेंडर आणलं तरी आपला रेग्युलेटर त्यावर बसतो, म्हणून अडल्या वेळी घरातली चूल पेटते. फोनचं तसं नव्हतं. जुन्या काळी घरोघरी कपाटाचा एक खण नुसत्या चार्जरांनी भरलेला असे. फोन बदलला की चार्जर फुकट. त्या सगळ्याचा ई-कचरा (टाकून दिलेल्या विजेच्या वस्तूंचा कचरा) होई. त्यातलं तांबं जमिनीतून खणून काढलेलं असायचं, आणि ते पुन्हा कचऱ्याच्या डोंगराखाली पुरलं जायचं.

शलाकाआजी जळका चार्जर उघडता उघडता म्हणाल्या, "हे सगळं खरं आहे. पण राऊत, अर्धंच सांगताय तुम्ही." मग त्या मृण्मयीकडे वळल्या. त्यांच्या लहानपणीच्या फोनची खाच एकाच बाजूनं बसायची. अंधारात घुसवताना हमखास उलटी लागायची, जोर केला की आतली जीभ मोडायची. तेव्हाच कुणी कायदा केला असता की हीच खाच कायम, तर आजची दोन्ही बाजूंनी बसणारी खाच आलीच नसती. सिलेंडर पन्नास वर्षं तसंच राहिलं तरी बिघडत नाही. फोन दर काही वर्षांनी नवं काहीतरी करायला शिकतो. नियमानं पाय बांधले तर नवी वाट कोण शोधणार?

"चांद्रफोनला नियमातून सूट मीच मागितली होती," त्या शांतपणे म्हणाल्या. "हेच फोन चंद्रावरही वापरतात, आणि ही खाच तिथली बारीक धूळ आत जाऊ देत नाही. साध्या खाचेला ते तेव्हा जमत नव्हतं. आजही मी तेच मागेन."

"आणि ही पोर आईशी बोलली नाही तर?" आजोबांनी विचारलं.

शलाकाआजींनी भिंग डोळ्याशी धरलं. त्या भिंगातून चार्जरच्या आत बघत होत्या. मृण्मयीला त्या क्षणी दोघांचाही राग आला. दोघंही बरोबर बोलत होते, आणि तरीही फोन काळाच होता.

थोड्या वेळानं शलाकाआजींनी चिमट्यात तिळाएवढा एक तुकडा धरला. तो रोधक (विजेची वाट थोडी अडवणारा भाग) होता. चार्जरमधलं बाकी सगळं जळलं होतं, हा वाचला होता. बारीक तारेवर फोन थोडीशी वीज सोडतो, हा तुकडा तिला ठरावीक प्रमाणात अडवतो, आणि त्यावरून फोनला कळतं की चार्जर आपलाच आहे. तेच उत्तर होतं, इतकंसं.

आजोबांचा हात आता थरथरायचा, म्हणून डाग द्यायला (वितळलेल्या कथलानं तारा जोडायला) शलाकाआजी बसल्या आणि आजोबांनी भिंग धरलं. मुलांनी हे एकट्यानं कधीही करायचं नाही, असं त्यांनी मृण्मयीकडून वदवून घेतलं. शेवटची तार जोडली. फोन क्षणभर तसाच राहिला. मग पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीक हिरवी रेघ उमटली.

मृण्मयीनं शलाकाआजींचा हात घट्ट धरला.

ऊन कललं तेव्हा आईचा चेहरा पडद्यावर आला. मागे खिडकी होती आणि तिच्यातून येणारं ऊन लांब, आडवं झालं होतं. प्रश्न विचारला की चंद्रापलीकडे जाऊन उत्तर परत यायला थोडा वेळ लागायचा. त्या छोट्याशा शांततेची मृण्मयीला सवय होती, पण आज तिनं प्रश्न विचारला आणि शांतता नेहमीपेक्षा लांबली.

"मी राहतेय, मनू," आई म्हणाली. "अजून एक वर्ष."

मृण्मयीनं मान हलवली. मग तिनं भलतंच काहीतरी विचारलं. तिनं विचारलं, की तुमच्या तिथे सगळ्यांच्या चार्जरचं पोर्ट एकच आहे का.

आई चकित झाली. नाही, ती म्हणाली; एकमेकांच्या शेजारी तीन देशांचे तळ आहेत आणि तिघांची खाच वेगळी. मागच्या आठवड्यात शेजारच्या तळाची गाडी त्यांच्या दारापाशी बंद पडली. माणसं सुखरूप आत आली, पण गाडी अजून बाहेरच उभी आहे. "आमच्याकडे वीज होती, मनू. द्यायची इच्छा होती. देता आली नाही."

तेवढ्यात तिथला सूर्य खडकांमागे गेला आणि कॉल संपला.

पुढचे दिवस जड गेले. चंद्र रोज मोठा होत होता. मृण्मयी पडदा ओढून बसण्याऐवजी शलाकाआजींकडे जाऊन बसू लागली, आणि मग आजोबाही तिथे येत. चांद्रफोनसारख्या अंतराळ उपकरणांनाही पोर्टचा नियम लावावा का, यावर त्याच सुमारास सरकारनं लोकांची मतं मागवली होती. शाळेतून पडद्यावर बोलता येणार होतं. वर्गाच्या बाईंनी मृण्मयीचं नाव दिलं.

ती काय बोलणार हे तिनं दोघांनाही सांगितलं नाही. सुनावणीच्या दिवशी तिनं आधी शलाकाआजींचं म्हणणं मांडलं, मग आजोबांचं. शेवटी ती म्हणाली, की खाच एकच असावी, पण ती कायमची असू नये. दर काही वर्षांनी सगळ्यांनी बसून विचारावं, याहून चांगली सापडली का? सापडली तर सगळ्यांनी मिळून बदलावी. आणि ज्याला वेगळी खाच हवीच असेल, त्यानं तिला साध्या खाचेशी जोडणारा तुकडा सोबत दिलाच पाहिजे.

पलीकडून एका अधिकाऱ्यांनी विचारलं, की तुला हा विषय इतका जवळचा का वाटतो.

"माझी आई चंद्राच्या मागे असते," मृण्मयी म्हणाली. "तिच्यापर्यंतचं अंतर कुणाला कमी करता येत नाही, ते मला माहीत आहे. पण खाचेचं अंतर माणसांनी केलंय. ते कमी करता येतं."

अधिकाऱ्यांनी हे लिहून घेतलं. निर्णय लगेच झाला नाही. असे निर्णय लगेच होत नसतात. घरी येताना आजोबा आणि शलाकाआजी तिच्या दोन बाजूंनी चालत होते. त्या दिवशी दोघंही वाद घालत नव्हते. जोडणारा तुकडा केवढा असावा आणि त्यात धूळ जाऊ नये म्हणून काय करावं, एवढंच बोलत होते.

वद्य अष्टमीला सकाळी फोन वाजला. आईच्या मागच्या खिडकीत पहिलं ऊन होतं आणि ती थकलेली पण हसरी दिसत होती. रात्रभर, म्हणजे दोन आठवडे, तिन्ही तळांची माणसं एका खोलीत जमत होती, ती म्हणाली. मधे टेबलावर तीन खाचा मांडलेल्या. बाहेरच्या गाडीकडे बघून कुणाला झोप येत नव्हती.

"मग ठरलं का?" मृण्मयीनं विचारलं, आणि उत्तर चंद्राला वळसा घालून येईपर्यंत वाट पाहत राहिली.

"अजून भांडतोय," आई म्हणाली. "पण आता सगळे एकाच टेबलाशी बसून भांडतात."