वरचे दात

ही घटना शंभर टक्के खरी आहे. मात्र खात्री करायला डॉक्टरांकडे जाऊ नका. विषय निघाला की ते हात धुवायला उठतात आणि बराच वेळ परत येत नाहीत.

पानगळीचे दिवस. रविवारची संध्याकाळ. डोंगरातल्या अभयारण्याचा वळणावळणाचा रस्ता, आणि गाडीत दोघंच. डॉक्टर, म्हणजे दातांचे डॉक्टर, आणि त्यांची बायको. कित्येक वर्षांनी तिने नवऱ्याला दवाखान्यातून उपटून काढलं होतं. भूल न देता.

दुपारपासून एकही प्राणी दिसला नव्हता.

"तुम्हाला बघून पळाले असतील," ती म्हणाली. "दात दाखवावे लागतील म्हणून."

डॉक्टर हसले नाहीत. झाडं लालपिवळी पेटली होती, पानं गळत होती, पण कशाचाच आवाज नव्हता. एक पाखरू नाही. एक किडा नाही…

आणि वळणावर हरीण उभं.

शिंगं नव्हती, मादी असावी. गाडी थांबली तशी ती बाईंच्या खिडकीशी आली. सावकाश. बोलावल्यासारखी…

'प्राण्यांना खायला घालू नये' अशी दणदणीत पाटी शेजारीच होती. शिकलीसवरलेली माणसं अशा पाटीचं जे करतात तेच बाईंनी केलं. वाचली, आणि डब्यातून सफरचंदाची फोड काढली.

"अगं, नको."

"एकच फोड हो. तुम्ही दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालता, मी बोलते का?"

काच खाली गेली.

आधी वास आला…

हा वास डॉक्टर झोपेतही ओळखतील. सडलेल्या हिरड्या. पू. आणि त्यावर पुदिन्याची गोळी… तपासायला येण्याआधी लोक लाजेकाजेस्तव चघळून येतात, तसली.

फोड गेली. मग बोटं गेली. मग मनगटापर्यंत अख्खा हात गेला, आणि चोखल्याचा आवाज सुरू झाला. चुळुक… चुळुक…

"इश्श, गुदगुल्या होताहेत," ती म्हणाली.

मग म्हणाली, "अहो… सोडत नाहीये."

ओठ मागे सरले. डॉक्टरांना वरचे दात दिसले.

हरणाला वर पुढचे दात नसतात. गाईसारखीच नुसती कडक हिरडी असते.

इथे अख्खी रांग होती. पिवळी, कीटण चढलेली, माणसाच्या मापाची. एकाला कॅप होती. तीही कोणीतरी वाकडी बसवलेली.

"अहो, हाड! माझं हाड मोडतंय!"

डॉक्टर तिच्या अंगावरून आडवे झाले. अंगठा थेट त्या गालफडात घातला. आत सगळं गरम, बुळबुळीत. अंगठ्याखाली काहीतरी फुटलं आणि कोपरापर्यंत ओघळलं. ओकारी गिळून त्यांनी ओढलं, ढकललं. जबडा आवळतच चालला.

शेवटी तोंडून आपोआप निघालं. रोजच्याच सुरात.

"आ करा."

आणि हरिणीने आ केला…

नुसता आ नाही. जीभ बाजूला घेतली. मान मागे टाकली. डोळे घट्ट मिटले.

हात सुटला. गाडी सुसाट निघाली. आरशात ती तशीच उभी होती, आ वासून. डॉक्टरांनी अजून 'मिटा' म्हटलं नव्हतं.

हाताला ओरखडाही नव्हता. साबण झाले, स्पिरिट झालं. बाई म्हणतात, आता काहीच नाही. डॉक्टर मान डोलावतात, पण त्या हाताने वाढलेलं त्यांच्या घशाखाली उतरत नाही. ताट पुढे आलं की ते खिडकीबाहेर बघतात.

परवा तिच्या डोळ्यात पाणी आलं.

"हात वाचवलात ना माझा? मग धरा की एकदा."

तिने टॉवेलने हात खसाखसा पुसला आणि पुढे केला. डॉक्टरांनी मन घट्ट केलं, आणि धरला.

ओला होता…

कोमट. चिकट.

आणि त्यांच्या तळव्याखाली तो अगदी हळू, चोखल्यासारखा आवळत गेला.

"बघा," ती आनंदाने म्हणाली, "काही आहे का?"