बावन्न सेकंद पुढे

मी धावतच धक्क्यावर पोचले आणि लाँचची फळी माझ्या डोळ्यांदेखत उचलली गेली. पाणी मधे आलं... आधी हातभर, मग दोन हात...

"अहो, थांबवा की! आठ दहाची आहे ना?"

"आठ दहाचीच होती," तोंडातली शिट्टी काढत तो म्हणाला. "आठ दहाला गेली."

तो म्हणजे धक्क्याचा मास्तर. नदीच्या या काठावरून त्या काठावर दिवसभर लाँच ये-जा करते. ती शिट्टी देऊन सोडायची आणि परत आली की वेळ नोंदवायची, हे त्याचं काम. पावसाळ्याच्या तोंडावर बदलून आला होता आणि आजवर मी त्याला फक्त छत्रीआडून पाहिलं होतं. आज छत्री घरी राहिली होती. निळा रेनकोट, हट्टी हनुवटी, आणि डाव्या भुवईत अडकलेला पावसाचा एक थेंब. तो थेंब आपल्याला दिसलाच कशाला, म्हणून मी स्वतःवरच चिडले.

"माझ्या घड्याळात आत्ता कुठे आठ नऊ झालेत," मी म्हटलं.

"तुमचं मागे असेल."

हे वाक्य मला कुणी ऐकवायचं नसतं. मी घड्याळं दुरुस्त करते. पलीकडच्या काठावर आमचं दुकान आहे, बाबांनी थाटलेलं. गेली सहा वर्षं डोळ्याला भिंग लावून तिथे मी बसते. बाबा मागच्या खोलीत बसून गजराची जुनी घड्याळं खोलतात आणि माझ्या गिऱ्हाइकांशी गप्पा मारतात. हातातलं घड्याळ मी रोज सकाळी रेडिओच्या ठोक्याशी जुळवते.

"माझं मागे नाही. तुमचं पुढे आहे."

"अशक्य!" त्याने बाही वर सारून जाडजूड काळं घड्याळ दाखवलं. "हे उपग्रहाकडून वेळ घेतं. उजेडावर चालतं. ना सेल, ना चावी. हे चुकूच शकत नाही."

"उपग्रह नाही चुकत. घड्याळ चुकतं. द्या बरं हात."

"हात?"

"घड्याळापुरता."

तो हसला, आणि हात पुढे केला. मी कडेचं बटण दाबलं. सेकंदकाटा पळत गेला आणि एका खुणेवर जाऊन गप्प उभा राहिला.

"हे काय?"

"शेवटच्या वेळी याने कान दिला होता, पण याला काही ऐकू आलं नाही." मी त्याचं मनगट सोडलं नाही... नीट समजावून सांगायचं होतं ना! "वर उपग्रहांत अणूवर चालणारी घड्याळं असतात. ते सारखे वेळ सांगत फिरतात. हे फक्त ऐकतं आणि काटे जुळवून घेतं. मधल्या वेळात आतल्या क्वार्ट्‌झच्या स्फटिकावर चालतं, चारचौघांच्या घड्याळासारखं, महिन्याला पंधरा-वीस सेकंद इकडे-तिकडे. आणि ऐकायला अंगात ताकद लागते. ती तबकडीवर पडणाऱ्या उजेडातून येते. तुम्ही तीन महिने याला रेनकोटाच्या बाहीत कोंडलंत, वर डोक्यावर केबिनचा पत्रा."

"म्हणजे उपाशी आहे?"

"अर्धपोटी. चालतंय, पण आकाशाचं ऐकण्याइतकं त्राण नाही."

मला वाटलं, आता हसेल. पण त्याचा चेहरा उतरला. त्याने माझं आणि त्याचं घड्याळ शेजारी धरलं. बावन्न सेकंद.

"कप्तानकाका..." तो हळूच म्हणाला.

कप्तानकाका म्हणजे लाँच चालवणारे; पलीकडच्या काठावरून ते आपल्या घड्याळाने लाँच सोडतात. मी शाळेत असल्यापासून त्यांच्याच लाँचने ये-जा करते.

"मिनिटाच्या वर उशीर झाला की मी शेरा मारतो," तो सांगू लागला. "गेल्या दहा दिवसांत त्यांना तीन शेरे दिले. सव्वा मिनिट, दीड मिनिट, आणि एक मिनिट चाळीस सेकंद. तीन शेरे म्हणजे चौकशी. सोमवारी आहे. निवृत्तीला सात महिने राहिलेत त्यांच्या, आणि सुकाणूवरून उतरवतील त्यांना."

मी मनातल्या मनात बावन्न वजा केले. तिन्ही उशीर मिनिटाच्या आत!

"ते म्हणत होते, मास्तर, मी वेळेत आलोय. आणि मी... हे घड्याळ त्यांच्या नाकासमोर धरलं."

कुणी दुसरा असता तर घड्याळाला शिव्या घातल्या असत्या. हा खाली पाण्याकडे बघत राहिला.

"काढा ते," मी म्हटलं. "आज गुरुवार. सोमवारपर्यंत पोट भरून देते."

दुकानाच्या खिडकीत, जिथे दिवसभर उजेड येतो, तिथे मी ते तबकडी वर करून ठेवलं. शुक्रवारी काम संपवून मास्तर विचारपूस करायला आला.

"खातंय का नीट?"

"तुमच्यापेक्षा बरं. जेवलात का दुपारी?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"चेहऱ्यावर अर्धपोटी असल्याची खूण दिसतेय."

शनिवारीही आला. घड्याळाकडे त्याने मोजून एकदा पाहिलं, माझ्याकडे किती वेळा ते मी मोजलं नाही... बाबांनी मोजलं असावं. तो गेल्यावर म्हणाले, "गिऱ्हाईक चिकट दिसतंय."

"कोण गिऱ्हाईक?" मी म्हटलं. बाबा नुसतेच खोकले.

सोमवारी ढग फाटून ऊन पडलं होतं. मी घड्याळ घेऊन धक्क्यावरच्या ऑफिसात पोचले, तेव्हा मोठे साहेब फाइल उघडून बसले होते, कप्तानकाका टोपी हातात घेऊन उभे होते. मास्तरने सरळ सांगितलं, "साहेब, आधी दोन मिनिटं बाहेर धक्क्यावर चला."

धक्क्याच्या टोकाशी, वर मोकळं आकाश होतं तिथे, आम्ही थांबलो. मी घड्याळ त्याच्या मनगटावर बांधलं, माझं शेजारी धरून साहेबांना आधी फरक दाखवला आणि बटण दाबून धरलं.

"हात अजिबात हलवायचा नाही."

"हलत नाहीये."

हलत होता. मी माझा तळहात त्याच्या मनगटाखाली दिला. सेकंदकाटा खुणेवर थांबला... कान देऊन. साहेब वाकून बघत होते, काकांनी श्वास धरला होता. माझ्या बोटांखाली त्याची नाडी धावत होती आणि माझी तिच्यामागे. मिनिट गेलं. आणखी थोडं. मग काटे एकदम हलले, फिरले आणि माझ्या घड्याळाशी सेकंदाला सेकंद जुळून टिकटिकू लागले.

साहेबांनी दोन्ही घड्याळं तीनदा पाहिली. "म्हणजे घड्याळाची चूक. मग मास्तर, तुमच्यावर काही येत नाही."

"येतं, साहेब," तो म्हणाला. "काका तीनदा सांगत होते. घड्याळाला ऐकू येत नव्हतं, पण मला तर येत होतं. मी ऐकलं नाही. त्यांचे शेरे खोडा आणि एक माझ्या नावावर लिहा."

मग सगळ्यांसमोर तो काकांना म्हणाला, "चुकलो, काका."

काकांनी टोपी डोक्यावर चढवली. "तू हे बोललास ना, झालं तर मग!" आणि त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की तो पाण्यात जायचाच बाकी होता.

त्याच्या नावावर शेरा पडला. त्या वर्षीची बढती हुकणार हे त्याला ठाऊक होतं. माझं मन मात्र त्या धक्क्याच्या टोकाशी पक्कं झालं. दिसायला बरे पुष्कळ असतात. चुकलो म्हणणारा, तोही न अडखळता, मी पहिल्यांदाच पाहत होते.

पुढचे चार दिवस तो धक्क्यावर नुसती मान हलवायचा. पाचव्या दिवशी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, दुकानाच्या दारात उभा.

"काय बिघडलं आता?" मी भिंग न काढताच विचारलं.

"काही नाही."

"मग?"

"काही बिघडलं तरच यायचं का?"

मी भिंग काढलं. त्याने दाढी केली होती, आणि गडबडीत हनुवटीवर कापूनही घेतलं होतं.

"बिघडलं नसताना येण्याला कारण लागतं," मी म्हटलं.

"आहे ना कारण." तो थांबला. "म्हणजे... ते असं आहे की..."

"मोठ्या साहेबांसमोर बरं घडाघडा बोलता येत होतं तुला!"

'तुला' माझ्या तोंडून निघून गेलं होतं. त्यानेही ते झेललं. सावकाश हसला, पुढे झाला आणि काउंटरवर दोन्ही हात टेकले.

"साहेबांची भीती नव्हती वाटत. तुझी वाटते."

"नको वाटू देऊस. मी हो म्हणणार आहे."

"अगं, मी अजून विचारलं कुठेय!"

"मग विचार की! मी काय दिवसभर भिंग काढून बसू?"

त्याने वाकून माझ्या कानाशी विचारलं. इतक्या हळू, की माझ्या गालावरचे केस हलले.

तेवढ्यात मागच्या खोलीतली खुडबुड थांबली आणि बाबांचा आवाज आला, "मास्तर, जरा मोठ्यानं विचारा. मुलगी माझी आहे, मलाही ऐकू दे!"

तो ताठ उभा राहिला. कानापर्यंत लाल झाला, पण मागे हटला नाही. धक्क्यावर लाँचला हाक मारावी तशा खणखणीत आवाजात त्याने पुन्हा विचारलं. रस्त्यावरून जाणारी दोन माणसं थबकून आत डोकावली.

आणि मी, तितक्याच मोठ्यानं, हो म्हटलं.